डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, चोडण

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे गोवा राज्यातील उत्तर गोवा जिल्ह्याच्या तिसवाडी तालुक्यात, मांडवी नदीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकावर असलेले संरक्षित क्षेत्र आहे. त्याचे क्षेत्रफळ १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे १७८ हेक्टर आहे. क्षेत्रफळाचा विचार करता ते गोव्यातील सर्वांत लहान अभयारण्य ठरते. खारफुटीचे दाट वन, भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा भरणाऱ्या व रिकाम्या होणाऱ्या चिखलभूमी आणि त्यांवर पोसले जाणारे स्थानिक व स्थलांतरित पक्षी ही त्याची मुख्य ओळख आहे. प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९८८ मध्ये, हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले व त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

अभयारण्य ज्या बेटावर आहे ते चोडण हे निर्जन बेट नाही. तेथे अनेक शतकांची वस्ती, शेती, देवस्थाने, चर्च आणि मासेमारी यांचा सलग इतिहास आहे. बेटाच्या ज्या भागात आज खारफुटी आहे आणि ज्या भागात भातशेती आहे, त्यांमधील सीमारेषा माणसाने बांधलेल्या बांधांनी आखलेली आहे. त्यामुळे या अभयारण्याचा निसर्ग समजून घ्यायचा असेल, तर बेटाचा मानवी इतिहासही पाहावा लागतो.

स्थान आणि भूरचना

मांडवी नदी कर्नाटकातील खानापूर तालुक्याच्या भीमगड परिसरात, सह्याद्रीत उगम पावते. वरच्या भागात ती म्हादई या नावाने ओळखली जाते. सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून ती पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. मुखाकडे येताना नदीचे पात्र रुंद व संथ होते आणि तिच्या शाखा-उपशाखांमध्ये चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे यांसारखी बेटे तयार होतात. यांपैकी चोडण हे सर्वांत मोठे बेट मानले जाते. त्याच्या दक्षिणेस मांडवीचा मुख्य प्रवाह असून पलीकडच्या काठावर रायबंदर आहे. उत्तर व पश्चिम बाजूंना म्हापसा नदीचे पाणी येऊन मांडवीला मिळते. पूर्वेकडे बेट मये व डिचोलीच्या बाजूने रस्त्याने जोडलेले आहे.

बेटाचा मध्यभाग काहीसा उंच असून तेथे जांभ्या दगडाची जमीन, घरे, माड, आंबा, फणस व काजूची झाडे आहेत. या उंचवट्याभोवती सखल जमिनीचा पट्टा पसरलेला आहे. या सखल पट्ट्यात भातखाचरे, तळी, मत्स्यशेती आणि खारफुटी आढळते. समुद्राची भरती मांडवीच्या पात्रात मुखापासून कितीतरी किलोमीटर आतपर्यंत जाते. चोडणजवळ उधाणाच्या व भांगाच्या भरतीत पाण्याच्या पातळीत ठळक फरक पडतो.

मांडवीच्या मुखप्रदेशाचे एक वैशिष्ट्य म्हणजे ऋतूनुसार पूर्णपणे बदलणारे पाणी. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात सह्याद्रीतून येणाऱ्या पुरामुळे चोडणभोवतालचे पाणी जवळजवळ गोडे होते. पावसाळा संपला की नदीचा प्रवाह क्षीण होतो, समुद्राचे पाणी आत सरकते आणि मे महिन्यापर्यंत खारेपणा वाढत जातो. एकाच वर्षात गोडे आणि खारे अशा दोन्ही पाण्यांत तग धरू शकणारे जीवच येथे टिकतात.

नाव आणि आख्यायिका

बेटाचे कोकणी व मराठी नाव चोडण असून पोर्तुगीज कागदपत्रांत व इंग्रजीत ते ‘शोरांव’ किंवा ‘चोराव’ असे आढळते. चोडण हे नाव ‘चूडामणी’ या संस्कृत शब्दापासून आले, असे परंपरा मानते. कृष्णाची माता यशोदा हिने फेकलेल्या रत्नांपासून हे बेट निर्माण झाले, अशी लोककथा सांगितली जाते. गोव्यात स्थायिक झालेल्या सारस्वत कुटुंबांच्या परंपरेत चूडामणी बेटाचा उल्लेख येतो. चोडणकर, चोडणेकर ही आडनावे याच गावावरून पडली आहेत. या कथा इतिहास नव्हेत. तथापि बेटावरील वस्ती जुनी आहे, ही स्मृती त्यांतून टिकून राहिलेली दिसते.

मानवी इतिहास

पोर्तुगीजपूर्व काळ

तिसवाडी म्हणजे तीस वाड्यांचा प्रदेश. कदंब राजवटीत मांडवी व जुवारी या नद्यांमधील हा प्रदेश व्यापाराचे केंद्र होता. शेजारच्या दिवाडी बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे देवालय होते. चोडणवर देवकीकृष्णाचे स्थान होते. बालकृष्णाला कडेवर घेतलेली देवकी हे या दैवताचे रूप असून अशा स्वरूपातील देवस्थान फारच दुर्मीळ आहे.

गावांचा कारभार गावकारी पद्धतीने चाले. गावचे मूळ रहिवासी, म्हणजे गावकर, सामूहिकरीत्या जमिनीची मालकी व व्यवस्था पाहत. शेतजमिनीचा लिलाव करणे, बांधांची दुरुस्ती करणे, देवळाचा व गावसेवकांचा खर्च भागवणे आणि सरकारसारा भरणे ही कामे या संस्थेकडे होती. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये या प्रथांची नोंद एका सनदेत केली. ही संस्था पुढे ‘कोमुनिदाद’ या नावाने चालू राहिली आणि आजही कायद्याने अस्तित्वात आहे.

पोर्तुगीज सत्ता आणि देवस्थानांचे स्थलांतर

अफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकल्यानंतर तिसवाडीतील बेटे पोर्तुगीज अमलाखाली आली. सुरुवातीची काही दशके स्थानिक धर्मव्यवहारांत मोठा हस्तक्षेप झाला नाही. १५४० च्या सुमारास मात्र तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. चोडणच्या भाविकांनी देवकीकृष्णाची मूर्ती प्रथम नदीपलीकडे मये येथे आणि पुढे माशेल येथे नेली. ही दोन्ही ठिकाणे त्या काळी पोर्तुगीज हद्दीबाहेर होती. आज माशेल येथे असलेले देवकीकृष्णाचे देवालय मूळचे चोडणचे आहे. आषाढात त्याच्या समोरील मैदानावर चिखलकाला हा उत्सव साजरा होतो.

दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचा इतिहासही असाच आहे. त्याची स्थापना नदीपलीकडे नार्वे येथे करण्यात आली. त्या देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये दिली. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील नदीचे पात्र ही त्या काळात दोन राज्यांची सीमा होती. अशा रीतीने बेटावरची दैवते पलीकडच्या काठावर गेली आणि त्यांचे अनेक भक्त धर्मांतरित होऊन किंवा न होता बेटावरच राहिले. चोडणच्या अनेक कुटुंबांचे माशेलच्या देवस्थानाशी असलेले नाते या स्थलांतरातून आलेले आहे.

पोर्तुगीज काळात चोडणवर चर्च उभी राहिली आणि जेझुइट धर्मगुरूंनी तेथे आपली शिक्षणसंस्था चालवली. राजधानी असलेले गोवा शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, नदीपलीकडे जवळच असल्याने पोर्तुगीज सरदार घराण्यांनी बेटावर निवासस्थाने बांधली. त्यावरून चोडणला पोर्तुगीज भाषेत ‘सरदारांचे बेट’ अशा अर्थाचे नाव मिळाले. १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज साम्राज्यातून काढून टाकण्यात आले आणि चोडण येथील त्यांच्या इमारतीत धर्मगुरूंच्या शिक्षणाची निराळी व्यवस्था करण्यात आली.

मराठ्यांची मोहीम

चोडणच्या आसपासच्या बेटांचा मराठ्यांच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८३ च्या अखेरीस गोव्यावर मोहीम काढली. नोव्हेंबर महिन्यात एका रात्री, ओहोटीमुळे पाणी उतरले असताना, मराठ्यांच्या तुकडीने जुवे बेटावरील किल्ला घेतला. हे बेट राजधानीच्या अगदी जवळ होते. ते परत घेण्यासाठी स्वतः चालून गेलेल्या व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याचा पराभव झाला. भयभीत व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपाशी राजदंड ठेवून शहराच्या रक्षणाची प्रार्थना केली, अशी नोंद इतिहासात आहे. मोगल शहजादा शाह आलम याचे सैन्य दक्षिणेत उतरल्यामुळे संभाजी महाराजांना ही मोहीम सोडून परतावे लागले. भरती-ओहोटीचे वेळापत्रक ज्याला कळते त्याच्यासाठी नदी हा अडथळा राहत नाही, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

उतरता काळ

जुन्या गोव्यात वारंवार आलेल्या रोगांच्या साथींमुळे अठराव्या शतकात शहर ओस पडत गेले. सरकारी कचेऱ्या हळूहळू पणजीला हलल्या आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला. याचा परिणाम चोडणवरही झाला. सरदारांचे वाडे रिकामे झाले आणि बेट पुन्हा शेतकरी, रेंदेर, मिठागरांतील कामगार व मच्छीमार यांचे झाले. पुढील काळात येथील अनेक कुटुंबे रोजगारासाठी मुंबई व परदेशात गेली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ३० मे १९८७ रोजी त्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला.

खाजन शेती

चोडणच्या सखल जमिनीचे आजचे रूप खाजन पद्धतीतून आले आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीला बांध घालून शेतीयोग्य केलेले क्षेत्र. गोव्यातील ही पद्धत पोर्तुगीज आगमनाच्या कितीतरी आधीची आहे.

खाजनाची रचना तीन भागांची असते. पहिला भाग म्हणजे बांध. चिखलमाती, गवत व जांभ्या दगडांनी रचलेला हा बांध नदीचे पाणी बाहेर ठेवतो. दुसरा भाग म्हणजे मानस, अर्थात बांधातील लाकडी दारांची मोरी. भरती येऊ लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागली की आतील पावसाचे पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. तिसरा भाग म्हणजे आतील ओहळ व तळी. उरलेले खारे पाणी, मासे व कोळंबी यांचा तेथे साठा होतो.

पावसाळ्यात पहिल्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन गेले की कोरगुट यांसारखी खारेपणा सहन करणारी भाताची जात लावली जाते. पीक निघाल्यावर मानशीतून नियंत्रित प्रमाणात खारे पाणी आत घेतात. त्याबरोबर मासे व कोळंबी आत येतात. मानशीपाशी जाळे लावून मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्या उत्पन्नातून बांधांच्या दुरुस्तीचा खर्च भागवला जाई. काही खाजनांत उन्हाळ्यात मीठही पिकवले जाई. एकाच जमिनीतून भात, मासे व मीठ मिळत असे. मात्र हे सर्व एका अटीवर अवलंबून होते: बांध दरवर्षी राखला गेला पाहिजे.

गोवामुक्तीनंतर ही व्यवस्था सैल झाली. १९६४ चा कुळ कायदा आणि त्यानंतरच्या सुधारणांनी कुळांना जमिनीवर हक्क मिळाले. हा बदल सामाजिक न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. परंतु बांध राखण्याची सामूहिक जबाबदारी कोमुनिदादकडून कुळांच्या संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती कोणीच पुरेशी पेलली नाही. शेतमजूर मिळेनासे झाले. भातापेक्षा मत्स्यशेतीत पैसा अधिक मिळतो म्हणून मानशी जास्त काळ उघड्या ठेवल्या जाऊ लागल्या. लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवीकाठच्या बांधांची झीज वाढवली. बांधाला एकदा खिंडार पडले की काही वर्षांतच त्या शेतात खारफुटीची रोपे रुजतात. गोव्यात अशा प्रकारे शेतजमिनीचे खारफुटीत रूपांतर झाल्याची उदाहरणे अनेक आहेत आणि चोडण त्यांना अपवाद नाही.

खारफुटीचे वन

खारफुटीला मराठीत कांदळवन असेही म्हणतात. या वनात वेगवेगळ्या कुळांतील, पण खाऱ्या चिखलात जगण्याचे समान कौशल्य असलेली झाडे एकत्र येतात. चोडणच्या वनात कांदळ, तिवर, चिप्पी, गेवा, काजळा व मारांडी या वनस्पती आढळतात. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

या झाडांपुढील पहिली अडचण प्राणवायूची असते. भरतीच्या चिखलात हवा खेळत नाही. तिवराची मुळे त्यामुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि हवेतून श्वसन करतात. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे निघतात. ती झाडाला मऊ चिखलात उभे ठेवतात आणि हवाही पुरवतात. दुसरी अडचण मिठाची असते. कांदळाची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात. तिवर मीठ आत घेते आणि पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. उन्हाळ्यात त्याच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात. तिसरी अडचण बी रुजण्याची असते. पाण्यात पडलेले बी वाहून जाऊ नये म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच अंकुरते. त्यातून लांब शेंगेसारखे रोप लोंबू लागते आणि पक्व झाल्यावर खाली पडून चिखलात रुततेे किंवा तरंगत दुसरीकडे जाऊन रुजते.

गळून पडणारी पाने चिखलात कुजतात. त्यांवर जिवाणू व सूक्ष्मजीव वाढतात, सूक्ष्मजीवांवर कृमी, गोगलगायी, खेकडे व कोळंबीची पिल्ले जगतात आणि या सर्वांवर मासे व पक्षी पोसले जातात. मुळांच्या जाळ्यात माशांच्या अनेक जातींची पिल्ले आसरा घेतात. चोडणच्या मच्छीमाराला मिळणारी चिंबोरी, शेवटा किंवा कोळंबी या वनाशी अशी जोडलेली आहे. शिवाय ही झाडे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि काठ व बांध यांचे रक्षण करतात.

२०२१ च्या भारत वन स्थिती अहवालानुसार देशात ४,९९२ चौरस किलोमीटर खारफुटी असून त्यांपैकी महाराष्ट्रात ३२४, तर गोव्यात सुमारे २७ चौरस किलोमीटर आहे. चोडणचे १.७८ चौरस किलोमीटर या पार्श्वभूमीवर पाहिले असता त्याचे गोव्यापुरते महत्त्व स्पष्ट होते.

पक्षिजीवन

अभयारण्यातील पक्ष्यांचा दिनक्रम घड्याळापेक्षा भरतीवर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी खाण्यासाठी उतरतात. भरती चढू लागली की ते झाडांवर, बांधांवर किंवा भातखाचरांत जाऊन विसावतात. त्यामुळे त्यांना बेटावरील शेतीचाही उपयोग होतो. अभयारण्याची सीमा नकाशावर आहे, पक्ष्यांचे क्षेत्र तिच्याहून मोठे आहे.

बगळ्यांच्या अनेक जाती येथे वर्षभर दिसतात. त्यांत समुद्री बगळा वैशिष्ट्यपूर्ण आहे. या एकाच जातीत काही पक्षी पांढरे, तर काही गडद राखी असतात. कांदळाच्या मुळांवर दबा धरून बसणारा हिरवा बगळा, वंचक, रातबगळा, जांभळा बगळा आणि राखी बगळा हेही आढळतात. दाट झाडीत राहणाऱ्या व सहसा नजरेस न पडणाऱ्या छोट्या व काळ्या तापस बगळ्यांचीही येथे नोंद आहे. पाणकावळे पंख पसरून झाडांवर वाळत बसलेले दिसतात.

खंड्यांच्या जातींसाठी हे वन प्रसिद्ध आहे. सर्वपरिचित पांढऱ्या छातीचा खंड्या आणि इवलासा छोटा खंड्या यांच्याबरोबर मोठ्या लाल चोचीचा घोंग्या खंड्या येथे दिसतो. हिवाळ्यात येणारा काळ्या टोपीचा खंड्या मुख्यतः किनारी खारफुटीशी बांधलेला असल्याने मराठवाड्यासारख्या अंतर्भागातील जलाशयांवर तो सहसा दिसत नाही.

ऑक्टोबर ते मार्च या काळात मध्य आशिया व उत्तरेकडील प्रदेशांतून स्थलांतरित पक्षी येतात. तुतवार, लाल पायाचा टिलवा, हिरव्या पायाचा टिलवा, कुरल आणि चिखल्यांच्या जाती ओहोटीच्या चिखलात चोच खुपसून अन्न शोधतात. प्रत्येकाच्या चोचीची लांबी व आकार वेगळा असल्याने एकाच चिखलातून ते वेगवेगळ्या खोलीवरचे भक्ष्य मिळवतात आणि त्यांच्यातील स्पर्धा कमी होते. वाळूच्या तात्पुरत्या दांड्यांवर वर वळलेल्या चोचीचे अ‍ॅव्होसेट पक्षीही नोंदले गेले आहेत.

शिकारी पक्ष्यांत ब्राह्मणी घार, घार, पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड आणि हिवाळ्यात मासे पकडण्यासाठी येणारा कैकर यांचा समावेश होतो.

इतर प्राणी

ओहोटीच्या चिखलावर सर्वांत आधी नजरेस पडते ती निवटी. हा मासा कल्ल्यांजवळील मांसल परांच्या आधाराने चिखलावर चालतो, उड्या मारतो आणि त्वचा ओली असेपर्यंत पाण्याबाहेर राहू शकतो. त्याच्या शेजारी नांगीवाले लहान खेकडे असतात. त्यांच्या नराची एक नांगी शरीराच्या मानाने फार मोठी असते आणि ती हलवून तो मादीला आकर्षित करतो व प्रतिस्पर्ध्याला इशारा देतो. खेकड्यांनी केलेल्या बिळांमुळे चिखलात हवा जाते. त्याचा फायदा खारफुटीच्या मुळांना होतो. ‘टिलिओटॅनाइस इंडिआनिस’ या सूक्ष्म कवचधारी प्राण्याचे शास्त्रीय वर्णन याच अभयारण्यात मिळालेल्या नमुन्यांवरून करण्यात आले.

सस्तन प्राण्यांत कोल्हा, वटवाघळे आणि पाणमांजर, म्हणजे ऊद, यांचा उल्लेख करावा लागेल. मऊ केसांचा ऊद ही जागतिक पातळीवर असुरक्षित मानली गेलेली जाती चोडणच्या खाजनांत व खारफुटीत कुटुंबाने राहते. त्याच्या विष्ठेची ठिकाणे व बिळे बांधांवर आढळतात. माणसाने बांधलेले बांध व मत्स्यतळी त्याला अन्न व निवारा देतात. मत्स्यतळ्यांतील मासे तो खात असल्याने तळ्यांच्या मालकांशी त्याचा संघर्षही होतो.

मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरींची वस्ती आहे. मगर ही मुख्यतः गोड्या पाण्यातील जाती. येथे मात्र ती निमखाऱ्या पाण्यात टिकून आहे. फोंडा तालुक्यातील दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजण्याची ‘मांगे थापणी’ ही प्रथा आहे. खाजनाच्या बांधांचे रक्षण व्हावे ही त्यामागील भावना असून, मगरीला शत्रू न मानता बांधाची राखणदार मानण्याची दृष्टी तीत दिसते.

अभयारण्याची स्थापना

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेशी ते आयुष्यभर निगडित होते. भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे मार्गदर्शक पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने सामान्य वाचकाला पक्षिनिरीक्षणाची गोडी लावली. त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८८ मध्ये चोडणच्या पश्चिम टोकावरील खारफुटीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. त्यापूर्वी गोव्यातील संरक्षित क्षेत्रे सह्याद्रीच्या जंगलात होती. मोले येथील भगवान महावीर अभयारण्य व बोंडला ही त्यांतील परिचित नावे. खाडीतील वनालाही त्याच तोडीचे संरक्षण हवे, हे चोडणच्या घोषणेने मान्य झाले. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९९१ पासून लागू असून त्यांत खारफुटीला सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान आहे.

संवर्धनापुढील प्रश्न

पहिला प्रश्न खारफुटी आणि शेती यांच्यातील ताणाचा आहे. बांध फुटून शेतात उगवलेली खारफुटी कायद्याने संरक्षित होते आणि ती तोडून शेत परत मिळवणे शेतकऱ्याला शक्य होत नाही. दुसऱ्या बाजूने, खारफुटी गेली तर उरलेले बांधही लाटांपुढे टिकणार नाहीत. बांधाच्या बाहेर खारफुटी व बांधाच्या आत शेती ही जुनी रचना दोघांनाही पूरक होती. ती टिकवायची असेल तर बांध वेळेवर दुरुस्त होणे हाच स्वस्त व न्याय्य उपाय ठरतो. फुटलेल्या बांधाची किंमत आज शेतकरी आपल्या जमिनीने चुकवतो.

दुसरा प्रश्न नदीच्या पाण्याचा आहे. म्हादई जलविवाद लवादाने २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. या वाटपाबाबतचा वाद पुढेही चालू राहिला. वरच्या भागात पाणी वळवले गेल्यास खाली येणारे गोडे पाणी घटेल व खारेपणाचा काळ लांबेल, अशी भीती गोव्यात व्यक्त होते. खारफुटीच्या काही जाती, कोरगुट भात आणि माशांची पिल्ले या सर्वांचे जीवनचक्र पावसाळी गोड्या पाण्यावर आधारलेले आहे.

तिसरा प्रश्न प्रदूषण व रहदारीचा आहे. भरतीबरोबर येणारे प्लास्टिक मुळांच्या जाळ्यात अडकते. सांडपाणी, खाणींतील गाळ आणि बोटींचे तेल यांचाही ताण पडतो. २०१२ मध्ये खाणकाम स्थगित झाल्यावर बार्जेसची वाहतूक बरीच घटली होती.

चौथा प्रश्न समुद्राच्या वाढत्या पातळीचा आहे. पाणी वाढत गेले तर खारफुटी जमिनीकडे सरकते. चोडणवर तिच्यामागे बांध, शेते व घरे आहेत. त्यामुळे सरकण्यास जागा मर्यादित आहे.

बेटावरील लोकांना शिक्षण, दवाखाना व नोकरीसाठी पणजीकडे रोज जावे लागते. फेरीबोटीची प्रतीक्षा आणि पुलाची मागणी हे त्यांच्या दृष्टीने अभयारण्याइतकेच खरे प्रश्न आहेत. २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेरीबोटी सुरू करण्यात आल्या.

महाराष्ट्रातील पाणथळींशी तुलना

मराठवाड्यातील वाचकाला परिचित असलेले जायकवाडी पक्षी अभयारण्य पैठणच्या नाथसागरावर १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर, म्हणजे चोडणच्या जवळपास १९० पट आहे. नाथसागरातही लहान-मोठी बेटे आहेत. दोन्ही ठिकाणी स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. मात्र नाथसागर हा गोदावरीवरील धरणाने निर्माण झालेला गोड्या पाण्याचा जलाशय असून त्याची पातळी पाऊस व विसर्ग यांनुसार वर्षभरात बदलते. चोडणची पातळी दर सहा तासांच्या सुमारास बदलते. एका ठिकाणी धरणाने नवे पक्षिस्थान निर्माण केले, तर दुसरीकडे बांधांनी जुने वन व शेती यांची वाटणी केली. दोन्ही ठिकाणी आजचा निसर्ग मानवी बांधकामाशी जोडलेला आहे, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

किनारपट्टीवर चोडणशी अधिक जवळचे उदाहरण ठाणे खाडीचे आहे. तेथील रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये खारफुटीसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील खारफुटीच्या तोडीस प्रतिबंध करणारा निर्णय दिला. गोव्यातील पहिले रामसर स्थळ मात्र चोडण नसून कुडचडेजवळचे नंदा तळे आहे.

भेट देण्याविषयी

पणजीहून रायबंदरला रस्त्याने जाता येते. हा रस्ता १६३४ च्या सुमारास बांधलेल्या पोर्तुगीजकालीन सेतूवरून जातो. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडणला उतरल्यावर अभयारण्याचे प्रवेशद्वार जवळच आहे. खारफुटीतून जाणारी पायवाट आणि निरीक्षण मनोरा यांची सोय वन विभागाने केलेली आहे. खाडीच्या आतील भाग होडीतून पाहता येतो, परंतु होडी फिरण्यासाठी भरती हवी आणि चिखलावरील पक्षी पाहण्यासाठी ओहोटी. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे उपयुक्त ठरते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ आणि सकाळची वेळ पक्षिनिरीक्षणास सर्वांत अनुकूल आहे. शैक्षणिक सहलींना एकाच दिवसात अभयारण्य, बेटावरील खाजनांचे बांध व मानस, तसेच नदीपलीकडील जुने गोवे पाहता येते.